पीएलसी प्रोजेक्ट हातात घेताना: आय/ओ लिस्टपासून हस्तांतरापर्यंत, इंटिग्रेटरच्या नजरेतून

ऑटोमेशनचं काम निघालं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: पीएलसी, म्हणजे यंत्रं चालवणारा प्रोग्राम करता येणारा कंट्रोलर, कोणता घ्यायचा? इंटिग्रेटरच्या, म्हणजे ही यंत्रणा जोडून चालू करून देणाऱ्याच्या, यादीत हा प्रश्न बराच खाली असतो. मोटर सुरू करणं, टाकी भरणं, तापमान धरून ठेवणं ही कामं बाजारातला जवळपास कोणताही कंट्रोलर करतो. फरक पडतो तो सेन्सरची वायर तुटल्यावर, बॅच अर्धी असताना वीज गेल्यावर, ऑपरेटरने नको त्या क्षणी बटण दाबल्यावर, किंवा काही वर्षांनी भलताच माणूस लॅपटॉप घेऊन पॅनेलसमोर बसल्यावर. चांगल्या प्रोग्रामचा मोठा हिस्सा या प्रसंगांसाठी लिहिलेला असतो. पुढच्या पायऱ्या त्याच हिशोबाने लावल्या आहेत.

उदाहरण सगळीकडे एकच घेऊ. एक मिश्रण टाकी आहे. भरायला दोन पंप, त्यातला एक राखीव. ड्राइव्हवर (मोटरची गती बदलणाऱ्या उपकरणावर) चालणारा ॲजिटेटर (ढवळणारा पंखा), जॅकेटला (टाकीभोवतीच्या कवचाला) वाफेचा कंट्रोल व्हॉल्व्ह, तळाशी ड्रेन व्हॉल्व्ह. मोजायला एक लेव्हल ट्रान्समीटर (पातळी मोजून सिग्नल पाठवणारा), एक तापमानाचा ट्रान्समीटर आणि वर हाय-हाय लेव्हलचा, म्हणजे पातळी धोक्याच्या उंचीला पोचल्याचा, स्विच.

१. लॅपटॉप उघडण्याआधी

पहिला कागद आय/ओ लिस्टचा, म्हणजे कंट्रोलरमध्ये येणाऱ्या आणि त्यातून जाणाऱ्या सगळ्या सिग्नलांच्या यादीचा. टॅग (सिग्नलचं नाव), वर्णन, सिग्नलचा प्रकार, रेंज, एकक आणि मॉड्यूलवरचा पत्ता हे रकाने सगळेच भरतात. त्यात आणखी दोन घाला: ‘सिग्नल गेला तर काय करायचं’ आणि ‘वीज किंवा हवा गेली तर हे उपकरण कोणत्या स्थितीत जाईल’. हे रकाने भरायला बसलात की क्लायंटच्या प्रोसेस विभागात आपसात वाद सुरू होतात. व्हायलाच हवेत. तो वाद आता कागदावर मिटला नाही, तर कमिशनिंगच्या (साइटवर पहिल्यांदा चालू करण्याच्या) वेळी भरलेल्या टाकीसमोर मिटवावा लागतो.

दुसरा कागद कार्यवर्णनाचा, म्हणजे यंत्रणा कशी वागेल याचा साध्या भाषेतला मजकूर. त्यात प्रत्येक उपकरणासाठी परमिसिव्ह आणि इंटरलॉक वेगळे लिहा. परमिसिव्ह ही अट फक्त सुरू होताना तपासायची असते, इंटरलॉक ही अट चालू असतानाही पहारा देते. ॲजिटेटर सुरू करायला लेव्हल ३० टक्क्यांच्या वर हवी, पण चालू झाल्यावर २० टक्क्यांच्या खाली गेली तरच थांबवायचा. या दोन अटी एकच समजून लिहिल्या, तर ड्रेन करताना ॲजिटेटर ३० टक्क्यांच्या आसपास चालू-बंद होत राहतो.

कार्यवर्णन लिहिताना मॅनेजर आणि ऑपरेटर या दोघांशी वेगवेगळं बोला. मॅनेजर प्लांट कसा चालायला हवा ते सांगतो, ऑपरेटर तो कसा चालतो ते सांगतो. ‘हा व्हॉल्व्ह कधी कधी अडकतो, मग आम्ही दोनदा उघड-बंद करतो’ असं वाक्य कुठल्याही ड्रॉइंगवर नसतं, आणि तुमच्या सिक्वेन्सचा (ठरलेल्या पायऱ्यांच्या क्रमाचा) टाइमआउट (थांबण्याची कमाल वेळ) किती ठेवायचा हे त्याच वाक्यावर ठरतं.

शेवटी एक तक्ता करा. आडव्या ओळीत कारणं, उभ्या रकान्यांत परिणाम. हाय-हाय लेव्हल आली की दोन्ही पंप बंद. तापमान मर्यादेबाहेर गेलं की वाफेचा व्हॉल्व्ह बंद. क्लायंटने सही केलेला हा तक्ता पुढे चाचणीची यादी म्हणून जसाच्या तसा वापरता येतो.

२. कंट्रोलर निवडताना

आता कंट्रोलर. १९६८ मध्ये जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने रिलेंच्या (विजेवर चालणाऱ्या स्विचांच्या) पॅनेलला पर्याय मागितला आणि त्यातून मोडिकॉन ०८४ जन्माला आला. रिलेचं ड्रॉइंग वाचता येणाऱ्या इलेक्ट्रिशियनला यंत्र समजावं म्हणून लॅडर भाषा त्या ड्रॉइंगसारखीच ठेवली गेली. म्हणजे देखभाल करणारा माणूस पहिल्यापासून या यंत्राच्या रचनेत धरलेला आहे. निवडीतही मी त्यालाच पहिला मान देतो.

म्हणून प्रश्नांचा क्रम असा ठेवा. क्लायंटकडे आधीपासून कोणते कंट्रोलर आहेत? त्यांच्या तंत्रज्ञाला कोणतं सॉफ्टवेअर येतं आणि त्याचं लायसन्स कुणाकडे आहे? सुटा भाग किती वेळात मिळतो? त्यानंतर ड्राइव्ह आणि मीटर कोणत्या प्रोटोकॉलवर बोलतात ते बघा. गती आणि मेमरी त्याच्याही नंतर. एका मिश्रण टाकीला मेमरी कमी पडत नाही. अनेक अक्षांचं मोशन, वेगवान पॅकिंग मशीन किंवा मोठ्या रेसिपी असतील तर मात्र हा क्रम उलटा होतो.

प्रत्येक घराण्याचं स्वतःचं सॉफ्टवेअर असतं. सीमेन्सच्या एस७-१२०० आणि १५०० साठी टीआयए पोर्टल, रॉकवेलच्या कंट्रोललॉजिक्ससाठी स्टुडिओ ५०००, मित्सुबिशीसाठी जीएक्स वर्क्स, ओमरॉनसाठी सिसमॅक स्टुडिओ, बेकहॉफसाठी ट्विनकॅट. वागोसारख्या अनेक उत्पादकांचे कंट्रोलर कोडेसिसवर चालतात. प्रोग्राम लिहायच्या भाषांचा सामाईक पाया आयईसी ६११३१-३ या मानकाचा, पहिल्यांदा १९९३ मध्ये आलेल्या. पण मानक एक आहे म्हणून प्रोग्राम एका कंपनीच्या कंट्रोलरवरून दुसऱ्यावर उचलून नेता येईल, या भरवशावर कोटेशन देऊ नका. लॉजिकचा गाभा जातो. हार्डवेअरची मांडणी, लायब्ररी ब्लॉक, कम्युनिकेशन आणि मोशन पुन्हा करावं लागतं, आणि वेळ नेमका तिथेच जातो.

भाषेबद्दल माझं मत सरळ आहे. इंटरलॉक लॅडरमध्ये, कारण रात्री बिघाड शोधणाऱ्याला कोणता कॉन्टॅक्ट उघडा आहे ते रंगावरून दिसतं. गणितं, रेसिपी आणि ॲरे स्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये, म्हणजे मजकुरासारख्या ओळींच्या भाषेत. लूप (तापमानासारखं मूल्य धरून ठेवणारं नियंत्रण) फंक्शन ब्लॉकमध्ये, म्हणजे चौकटी जोडून लिहायच्या भाषेत. इन्स्ट्रक्शन लिस्ट ही आज्ञांच्या यादीची जुनी भाषा नव्या कामात नकोच, २०१३ च्या तिसऱ्या आवृत्तीत मानकानेच तिला बाजूला केलं होतं. सगळा प्रोग्राम स्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये लिहिण्याची हौस नव्या इंजिनिअरांना असते. कोड सुंदर होतोही, फक्त देखभाल विभागातल्या कुणाला तो वाचता येतो का ते आधी विचारून घ्या.

निवडीत आणखी एक गोष्ट तपासा: कंट्रोलरमधून प्रोग्राम लॅपटॉपवर अपलोड केला तर हाती काय लागतं? जुन्या एस७-३०० मधून अपलोड केलेल्या प्रोग्रामला टॅगची नावं आणि कॉमेंट नसतात, कारण ती फक्त लॅपटॉपवरच्या प्रोजेक्टमध्ये राहत. मूळ फाइल हरवली की उरतं नुसतं पत्त्यांचं जंगल. एस७-१५०० सारखे नवे कंट्रोलर ही माहिती स्वतःजवळ ठेवतात. ब्रोशरमधल्या स्कॅनच्या (प्रोग्रामच्या एका फेरीच्या) वेगापेक्षा मला हा गुण जास्त किमती वाटतो.

३. वायरपासून आकड्यापर्यंत

ॲनालॉग सिग्नल, म्हणजे मूल्यानुसार कमी-जास्त होणारा करंट, बहुधा ४ ते २० मिलिअँपचा असतो. शून्याऐवजी ४ पासून सुरुवात असते ती वायर तुटली हे ओळखता यावं म्हणून. पण प्रोग्रामने ते ओळखलं तरच त्याचा उपयोग. लेव्हल ट्रान्समीटर ० ते ५ मीटरचा धरा. सीमेन्सच्या मॉड्यूलवर ४ मिलिअँपला कच्चा आकडा ० येतो आणि २० ला २७६४८. त्यामुळे लेव्हल म्हणजे कच्चा आकडा भागिले २७६४८, गुणिले ५. १२ मिलिअँपला आकडा १३८२४ आणि लेव्हल अडीच मीटर, हे ठीक. आता वायर तुटली. नुसतं स्केलिंग (कच्च्या आकड्याचं मीटरमध्ये रूपांतर) लिहिलेल्या आणि ऋण आकडा शून्यावर अडवलेल्या प्रोग्रामला टाकी रिकामी दिसते, म्हणून तो पंप चालू ठेवतो आणि टाकी ओसंडते. तापमानाची वायर तुटली तर प्रोग्रामला टाकी थंडगार दिसते आणि पीआयडी (तापमान सेटपॉइंटला धरून ठेवणारं गणित) वाफ पूर्ण उघडतो. दोन्हीकडे लॉजिक त्याच्या परीने बरोबरच चाललेलं असतं.

उपाय असा. नामूर या प्रोसेस उद्योगाच्या संघटनेच्या एनई ४३ या शिफारशीनुसार ३.८ ते २०.५ मिलिअँप हा मोजमापाचा पट्टा आहे, आणि ३.६ किंवा त्याखाली, २१ किंवा त्यावर गेलेला सिग्नल बिघाडाचा समजायचा. ट्रान्समीटर स्वतः बिघडला तरी तो सिग्नल याच टोकांना नेतो. वर नेणार की खाली हे बहुतेक ट्रान्समीटरांत निवडता येतं, तेव्हा ते आय/ओ लिस्टमध्ये लिहा. प्रोग्राममध्ये प्रत्येक ॲनालॉग इनपुटला मूल्याबरोबर ‘सिग्नल खराब’ असा एक बिट जोडा आणि तो इंटरलॉकमध्ये वापरा. लेव्हल खराब असेल तर पंप थांबतील. तापमान खराब असेल तर वाफ बंद, ॲजिटेटर मात्र चालू, कारण तो थांबला तर माल तळाशी बसेल. खराब सिग्नलवर काय करायचं याला सरसकट उत्तर नसतं. म्हणून तर तो रकाना.

डिजिटल (फक्त चालू-बंद) सिग्नलमध्येही हीच दृष्टी ठेवा. स्टॉप बटणाचा आणि हाय-हाय लेव्हल स्विचचा कॉन्टॅक्ट नेहमी नॉर्मली क्लोज्ड (एरवी जोडलेला) असावा, म्हणजे वायर निघाली की यंत्रणा थांबेल. वाफेचा व्हॉल्व्ह हवा गेल्यावर स्प्रिंगने बंद होणारा हवा.

स्कॅनबद्दल एवढं लक्षात असू द्या: कंट्रोलर इनपुट वाचतो, लॉजिक चालवतो, आउटपुट लिहितो आणि पुन्हा सुरुवात करतो. स्कॅन १० मिलिसेकंदाचा असेल तर ४ मिलिसेकंदाचा पल्स त्याला कधी दिसेल, कधी नाही. फ्लोमीटर सेकंदाला ५०० पल्स देत असेल तर साध्या इनपुटवर मोजण्याचा नाद सोडा आणि हाय-स्पीड काउंटर घ्या.

४. प्रोग्रामची बांधणी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, पुढचा त्रास इथेच वाचतो.

प्रोग्रामचे तीन थर ठेवा. पहिला थर फील्डमधून आलेले इनपुट टॅगच्या नावांत भरतो, त्यांचं स्केलिंग करतो आणि खराब सिग्नल ओळखतो. मधला थर निर्णय घेतो. शेवटचा थर आउटपुट लिहितो, आणि प्रत्येक आउटपुट पूर्ण प्रोग्राममध्ये एकाच ठिकाणी लिहिलेला असतो. तोच कॉइल (लॅडरमधला आउटपुट) दोन ठिकाणी लिहिला तर स्कॅनमध्ये शेवटी येणारा जिंकतो. लॅडरच्या वरच्या ओळीत सगळं हिरवं दिसत असतं आणि पंप मात्र हलत नाही. असे बिघाड शोधण्यात अख्खी पाळी जाते.

उपकरणाच्या प्रत्येक प्रकारासाठी एक फंक्शन ब्लॉक (पुन्हा पुन्हा वापरता येणारा प्रोग्रामचा तुकडा) करा. मोटरच्या ब्लॉकला आत येणाऱ्या गोष्टी: ऑटोची आज्ञा, मॅन्युअलची आज्ञा, परमिसिव्ह, इंटरलॉक, काँटॅक्टरचा (मोटरला वीज जोडणाऱ्या स्विचचा) फीडबॅक, ओव्हरलोड आणि रिसेट. बाहेर जाणाऱ्या: चालवण्याची आज्ञा, स्थिती आणि बिघाडाचं कारण. आज्ञा देऊन तीन सेकंदांत फीडबॅक आला नाही तर ट्रिप. आज्ञा नसताना फीडबॅक आला तर तोही अलार्म, कारण काँटॅक्टर चिकटलेला असू शकतो. दोन्ही पंपांना तोच ब्लॉक, दोन इन्स्टन्स (स्वतंत्र प्रती). उद्या चूक सापडली तर एकाच जागी दुरुस्त होते.

याच ब्लॉकमध्ये पहिल्या कारणाची नोंद ठेवा. पंप थांबला की पाठोपाठ प्रेशर पडतं, फ्लो जातो आणि फीडबॅक सुटतो. चारही अलार्म एका सेकंदात आल्यावर मूळ कोणतं? ज्या स्कॅनमध्ये चालवण्याची आज्ञा बंद झाली त्याच स्कॅनमधलं कारण लॅच करून (धरून ठेवून) स्क्रीनवर दाखवा. लिहायला थोडं लॉजिक लागतं, पण रात्रपाळीचे निम्मे फोन त्याने बंद होतात.

मॅन्युअल मोडमध्ये इंटरलॉक जिवंतच राहिले पाहिजेत. मॅन्युअल म्हणजे आज्ञा माणूस देतो एवढंच. इंटरलॉक बायपास करण्याची खरोखर गरज असेल तर त्याला वेगळी परवानगी, ठरावीक मुदत आणि लॉगमध्ये नोंद ठेवा, मुदत संपली की बायपास आपोआप जाऊ द्या. अशी सोय दिली नाही तर लोक टर्मिनलवर जंपर (सर्किट परस्पर जोडणारी वायर) लावतात, आणि तो जंपर कुठल्याच स्क्रीनवर दिसत नाही.

सिक्वेन्सच्या पायऱ्यांना १०, २०, ३० असे क्रमांक द्या, मधे नवी पायरी घुसवता येते. प्रत्येक पायरीला चार गोष्टी हव्यात: ती काय करते, कशाने पुढे जाते, किती वेळ थांबते आणि वेळ संपली तर ऑपरेटरला काय सांगते. पायरी ३० गरम करण्याची असेल तर ‘सिक्वेन्स फेल’ असा संदेश कुणाच्या कामाचा नाही. ‘४० मिनिटांत ७५ अंश गाठले नाहीत, वाफेचा दाब तपासा’ हे वाचून माणूस बरोबर व्हॉल्व्हकडे जातो. टाइमआउट झाला की बॅच रद्द करू नका, होल्डमध्ये न्या. बॅच प्रक्रियेसाठीच्या आयएसए-८८ मानकात रनिंग, होल्ड, ॲबॉर्ट अशा अवस्था नीट मांडल्या आहेत, स्वतःच्या नव्या शोधण्यापेक्षा त्याच घ्या.

वीज गेल्यावर काय? चालू पायरी, बॅच क्रमांक आणि टाकलेल्या मालाचे आकडे रिटेंटिव्ह (वीज गेली तरी टिकणाऱ्या) मेमरीत ठेवा. वीज परत आली की पहिल्याच स्कॅनमध्ये सिक्वेन्स होल्डमध्ये न्या आणि पुढे जायचं की सोडायचं ते ऑपरेटरला विचारा. आपोआप पुढे जाणारी बॅच डेमोत झकास दिसते. प्रत्यक्षात त्या वेळात टाकीचं तापमान पडलेलं असतं, किंवा कुणीतरी मॅनहोल उघडून आत डोकावत असतो.

आता एक सापळा, जो महिनोन्महिने दिसत नाही. टोटलायझर (एकूण प्रवाहाची बेरीज) ३२ बिटी रिअलमध्ये (अपूर्णांक ठेवणाऱ्या आकड्यात) ठेवला आहे, मिनिटाला ३० लिटर प्रवाह आहे आणि दर १०० मिलिसेकंदांनी ०.०५ लिटर त्यात मिळवले जातात. बेरीज १०,४८,५७६ लिटरवर पोचली की आकडा गोठतो. तिथे रिअलच्या लागोपाठच्या दोन आकड्यांतलं अंतर ०.१२५ असतं, त्यामुळे ०.०५ मिळवल्यावर उत्तर गोल होऊन पुन्हा तेच येतं. दर वेळी पूर्ण एक लिटर मिळवलात तरी १,६७,७७,२१६ ला तोच खेळ. उपाय सोपा आहे: अपूर्णांक रिअलमध्ये जमू द्या, पूर्ण लिटर झाला की तो ३२ बिटी पूर्णांकाच्या मोजणीत टाका आणि रिअलमधून वजा करा. कंट्रोलर ६४ बिटी रिअल देत असेल तर तो वापरा.

पीआयडी मुख्य स्कॅनमध्ये ठेवू नका. स्कॅनची वेळ बदलली की इंटिग्रलचा, म्हणजे साठत जाणाऱ्या फरकाचा, हिशोब बदलतो. ठरावीक अंतराने चालणाऱ्या टास्कमध्ये ठेवा, तापमानासाठी अर्धा ते एक सेकंद पुरतो. इंटरलॉकने व्हॉल्व्ह बंद केला असताना पीआयडीला मॅन्युअलमध्ये, शून्यावर धरा. नाहीतर इंटिग्रल आत साठत राहतं आणि इंटरलॉक सुटला की व्हॉल्व्ह एकदम पूर्ण उघडतो.

५. उपकरणांशी बोलणं

मोडबस हा उपकरणांनी एकमेकांशी बोलण्याचा प्रोटोकॉल १९७९ चा आहे आणि अजून सगळीकडे भेटतो. त्याच्या दोन खोड्या कायमच्या. मॅन्युअलमध्ये ४०००१ लिहिलेलं रजिस्टर (१६ बिटी आकड्याची जागा) प्रत्यक्ष संदेशात ० क्रमांकाने जातं, म्हणून एका घराचा फरक पडतो. आणि ३२ बिटी मूल्य दोन रजिस्टरांत विभागलेलं असतं, पण कोणतं आधी हे उत्पादक आपापलं ठरवतात. तपासणी अशी करा: उपकरणाकडून बरोबर १.० येईल अशी व्यवस्था करा. रजिस्टरांत १६२५६ आणि ० दिसायला हवेत. उलट क्रमाने आले तर स्क्रीनवर जवळपास शून्य दिसतं, आणि मग लोक वायरिंग तपासत बसतात.

आरएस-४८५ या सीरियल जोडणीची केबल एका रेषेत न्या, फाटे फोडू नका, आणि दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर लावा. फक्त टोकांना. प्रत्येक ड्राइव्हवरचा टर्मिनेशन स्विच उत्साहाने चालू केलेला पॅनेल काही विरळा नसतो.

लिंक तुटली की शेवटचं मूल्य तसंच राहतं आणि सगळं सुरळीत असल्याचा भास होतो. म्हणून दोन्ही बाजूंना हार्टबीट हवा: एक आकडा दर सेकंदाला बदलायला हवा, पाच सेकंद बदलला नाही तर लिंक गेली. ॲजिटेटर नेटवर्कवरून चालत असेल तर ड्राइव्हच्या पॅरामीटरमध्ये कम्युनिकेशन तुटल्यावर काय करायचं ते स्वतः ठरवा. फॅक्टरीतून आलेली सेटिंग तुमच्या प्रोसेससाठी लिहिलेली नसते.

स्काडासाठी (पूर्ण प्लांट स्क्रीनवर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी) ओपीसी यूए हा प्रोटोकॉल उपलब्ध असेल तर तोच घ्या. जुना ओपीसी विंडोजच्या डीकॉम या संपर्क-व्यवस्थेवर उभा होता आणि त्याच्या परवानग्या जुळवणं ही स्वतंत्र तपश्चर्या होती. यूएला नेहमीचा पोर्ट ४८४० पुरतो आणि सर्टिफिकेटने ओळख पटते. मात्र सर्टिफिकेटला मुदत असते. ती तारीख हस्तांतराच्या कागदांत लिहा, नाहीतर एखाद्या सकाळी कुणी काही न बदलता स्काडा बंद पडतो.

६. स्क्रीन आणि अलार्म

पार्श्वभूमी राखाडी, पाइप फिके, आणि ठळक रंग फक्त बिघाडासाठी. स्क्रीनसाठीच्या आयएसए-१०१ मानकाचा रोख हाच आहे. चमचमत्या टाक्या आणि फिरणारे पंखे क्लायंटला पहिल्या बैठकीत आवडतात, आठवडाभराने त्यात लाल ठिपका सापडत नाही.

अलार्मसाठी एकच कसोटी: तो आल्यावर ऑपरेटरने काय करायचं? उत्तर नसेल तर तो अलार्म नाही, लॉगमधली नोंद आहे. अलार्मसाठीच्या आयएसए-१८.२ मानकानुसार एका ऑपरेटरला सरासरी दहा मिनिटांत एक अलार्म हा झेपणारा वेग आहे, आणि दहा मिनिटांत दहापेक्षा जास्त आले तर तो पूर. हा पूर बहुतेकदा प्रोग्रामच आणतो. लेव्हल मर्यादेवर हेलकावते म्हणून डेडबँड (अलार्म येण्याच्या आणि जाण्याच्या मर्यादेतलं अंतर) ठेवा. क्षणिक धक्क्यांसाठी काही सेकंदांचा विलंब द्या. ड्रेनची पायरी चालू असताना लो लेव्हलचा अलार्म दाबून ठेवा, टाकी तर आपणच रिकामी करतोय.

सेटपॉइंट कुणी, कधी, कितीवरून किती केला याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा. सगळी घड्याळं एकाच टाइम सर्व्हरला जोडा, नाहीतर पीएलसी आणि स्काडाच्या नोंदी जुळवून घटनाक्रम लावणं अशक्य होतं.

७. माणसाची आणि प्रोग्रामची सुरक्षा

इमर्जन्सी स्टॉप साध्या पीएलसीच्या लॉजिकवर कधीही अवलंबून ठेवू नका. सेफ्टी रिले किंवा सेफ्टी पीएलसी वापरा. त्याआधी जोखमीचं मूल्यांकन करून आयएसओ १३८४९-१ नुसार आवश्यक परफॉर्मन्स लेव्हल (सेफ्टी यंत्रणा किती भरवशाची हवी ती पातळी) ठरवा, आणि ते काम त्यातल्या जाणकाराने करायचं असतं. बटण सोडल्याने किंवा रिसेट केल्याने यंत्र सुरू होता कामा नये, त्यासाठी वेगळी स्टार्टची आज्ञा हवी. साध्या पीएलसीला सेफ्टीची स्थिती फक्त कळवा, म्हणजे तो सिक्वेन्स होल्डमध्ये नेईल.

सायबर सुरक्षेबद्दल: मोडबसमध्ये पासवर्ड नावाची गोष्टच नाही, जो नेटवर्कवर आहे तो लिहू शकतो. कंट्रोल नेटवर्क ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळं ठेवा आणि मधे फायरवॉल घाला. दूरवरून जोडणी लागेल तेव्हाच, क्लायंटने चालू केल्यावर मिळावी. कंट्रोलरवर किल्ली असेल तर काम संपल्यावर ती रनवर फिरवून काढून घ्या. २०१७ मध्ये ट्रायटन या घातक सॉफ्टवेअरने एका पेट्रोकेमिकल प्लांटच्या सेफ्टी कंट्रोलरमध्ये शिरकाव केला, तेव्हा किल्ली प्रोग्राम मोडवरच राहिलेली होती.

८. चाचणी

पॅनेल आपल्याकडे असतानाच सिम्युलेशन करा. प्रत्येक मोटरचा फीडबॅक आणि टाकीची लेव्हल खोटी तयार करणारा छोटा प्रोग्राम जोडला की सिक्वेन्स टेबलावर चालतो. क्लायंटच्या उपस्थितीतल्या फॅक्टरी चाचणीत सगळं नीट चालतंय हे एकदा दाखवा, आणि उरलेला वेळ बिघडवण्यात घाला. तो कारण-परिणामाचा तक्ता काढा आणि ओळीमागून ओळ चालवा. ॲनालॉगची वायर काढा, फीडबॅक तोडा, नेटवर्कची केबल उपटा, सिक्वेन्स अर्धा असताना पॅनेलचा सप्लाय बंद करा.

साइटवर क्रम मोडू नका. आधी सप्लाय आणि अर्थिंग. मग लूप चेक, प्रत्येक सिग्नल फील्डमधल्या उपकरणापासून स्क्रीनपर्यंत. टर्मिनलवर सिग्नल टोचून टिक केलेली यादी निरुपयोगी आहे, कारण घोळ टर्मिनलच्या पलीकडच्या केबलमध्ये असतो. त्यानंतर मोटरींची दिशा, मग मॅन्युअल, मग पाण्यावर सिक्वेन्स आणि सगळ्यात शेवटी खरा माल. यातली एक पायरी उत्पादन विभागाच्या घाईपोटी गाळा अशी मागणी हमखास येते. गाळायचीच वेळ आली तर तशी लेखी नोंद करून सही घ्या. सहीचं नाव काढलं की घाई बरीच ओसरते.

काम आटोपताना फोर्स टेबल (चाचणीसाठी जबरदस्तीने धरलेल्या सिग्नलांची यादी) उघडून सगळे फोर्स काढा, पॅनेलमधले जंपर मोजा, सिम्युलेशनचा ब्लॉक प्रोग्राममधून काढून टाका, आणि नंतरच शेवटचा बॅकअप घ्या. उलट क्रमाने केलं तर बॅकअपमध्ये फोर्स आणि सिम्युलेशन जसेच्या तसे राहतात.

९. हस्तांतर

पेनड्राइव्हवर एक फोल्डर देणं म्हणजे हस्तांतर नव्हे. पीएलसीचा मूळ प्रोजेक्ट कॉमेंटसकट, एचएमआयचा, म्हणजे ऑपरेटरच्या स्क्रीनचा, संपादन करता येणारा प्रोजेक्ट (पॅनेलवर चालणाऱ्या फाइलमधून तो परत काढता येईलच असं नाही), प्रत्येक ड्राइव्हचे पॅरामीटर, मॅनेज्ड स्विचचं कॉन्फिगरेशन, आयपी पत्त्यांची यादी, पासवर्ड, आणि लायसन्स कुणाच्या नावावर आहेत ते. सॉफ्टवेअरची आणि फर्मवेअरची नेमकी आवृत्ती लिहा. नव्या आवृत्तीत उघडलेला प्रोजेक्ट सहसा जुन्यात परत जात नाही. शक्य असेल तर इंजिनिअरिंग सॉफ्टवेअर बसवलेलं व्हर्च्युअल मशीनच द्या. विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला तरी त्यावरच चालणारी सॉफ्टवेअर कारखान्यांत अजून लागतात, आणि तसा जिवंत लॅपटॉप शोधत फिरण्याची पाळी कुणावर येऊ नये.

ब्लॉकला पासवर्ड लावून स्वतःकडे ठेवण्याची पद्धत या धंद्यात आहे. स्वतःचं खास तंत्र असलेला एखादा ब्लॉक झाकणं समजू शकतं, पण इंटरलॉकचं लॉजिक झाकणं मला मान्य नाही. पंप का सुरू होत नाही हे बघायलाही ज्याला इंटिग्रेटरला फोन करावा लागतो, तो क्लायंट पुढच्या कामासाठी दुसऱ्याकडे जातो.

शेवटची चाचणी क्लायंटच्या तंत्रज्ञाची. त्याला एक कोरा सुटा कंट्रोलर आणि तुम्ही दिलेला बॅकअप द्या, तुमचा लॅपटॉप बंद ठेवा आणि त्याला स्वतः फर्मवेअर जुळवून, आयपी पत्ता देऊन, प्रोग्राम टाकून यंत्रणा उभी करायला सांगा. तो जिथे अडेल तिथला कागद अपुरा आहे. तो त्याच दिवशी, त्याच्याच शब्दांत पुरा करून पॅनेलच्या दारामागच्या खिशात ठेवा.